डायनोसॉरचे डोळे उद्या उघडतो

अण्णा,

तुमच्या डायनोसॉरला महापालिकेची नोटीस आली आहे. खरं तर नोटीस बागेला आहे, पण त्या बागेत आता काढून टाकण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही. घसरगुंडीचा पत्रा कुणीतरी घरी नेला, कारंजं उद्घाटनाला उडालं तेवढंच, आणि बाकांवर ज्यांची नावं कोरली होती ते सगळे पक्ष बदलून कधीच मोकळे झाले. जागचा हलला नाही तो एकटाच. दीड मजली, शेपटी जमिनीला टेकून, पोट पुढं काढून, जेवण झाल्यावर वाऱ्याला येऊन उभं राहिलेल्या माणसासारखा. आणि डोळे अर्धे मिटलेले. सगळं चाललंय ते त्या डोळ्यांवरूनच.

परवा इंजिनिअर घरी आला होता. तरुण आहे, नम्र आहे, चहात साखर कमी म्हणतो आणि बिस्किटं बुडवून संपवतो. "मॅडम, तुमच्या वडिलांनी केलंय म्हणून विचारायला आलो. न्हाईतर आमी कुणाला विचारत न्हाई." बागेचं नूतनीकरण होणार. नवा डायनोसॉर येणार, फायबरचा. समोरून माणूस गेला की मान वळवतो आणि गरजतो. मी विचारलं, जुन्याचं काय? तर म्हणाला, "आमचे साहेब म्हणले, लोकांची मागणी असंल तर ठिवा त्याला. पण डोळे उघडा त्याचे, लाल करा. झोपलेला डायनोसॉर बघायला कोण येतंय? दोनच मार्ग हायेत मॅडम. एक तर त्याला जागा करा, न्हाईतर जागा खाली करा." अण्णा, शब्दांवर कोट्या करून मी पोट भरते, पण असं वाक्य मला आजवर सुचलेलं नाही. त्याला मात्र आपण काय बोललो याचा पत्ताही नव्हता. "आणि उघडायचे कुणी?" मी म्हटलं. "तुमीच उघडा की! पेंटरच्या कन्या तुमी. पेपरात फोटो बी येईल."

फोटोचं आमिष मला दाखवत होता. पंचवीस वर्षं मी त्याच पेपरात माझ्या फोटोखाली दर रविवारी लोकांची सालं काढते. फोटो लहान होत चाललाय आणि सालं निबर.

तर पेच असा आहे. डोळे उघडले तर सिमेंटचं धड वाचेल, पण त्यात तुमचं म्हणून जे होतं ते जाईल. नाही उघडले तर जेसीबी येईल आणि सगळंच जाईल. संपादक म्हणतात, यावर झकास लेख होईल. मी तीन सुरुवाती लिहिल्या. तिन्ही विनोदी झाल्या आणि तिन्ही खोट्या वाटल्या. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. तुमच्यासमोर विनोद करून कधी सुटका झाली नाही माझी. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि विचारायचात, "झालं? आता टर्पेंटाइन आण."

आठवतं का, तो परदेशी डायनोसॉरचा सिनेमा हिंदी बोलायला लागून आपल्या थिएटरला आला होता तेव्हा सगळं सोलापूर कसं येडं झालं होतं? तुम्ही थिएटरचे बोर्ड रंगवायचात. मालकानं तुम्हाला पोस्टकार्डाएवढा एक फोटो दिला. त्यात नुसता जबडा होता. मालक म्हणाला, "खालचं तुमचं तुमी बघून घ्या, पेंटर." तुम्ही घरी आलात, फोटो भिंतीला टेकवून बराच वेळ बसलात. खालचं कसं असेल? रविवार होता. स्वयंपाकघरात आई कोंबडीचे पाय सोलून ताटलीत ठेवत होती. तुम्ही ताटलीसकट पाय उचललेत, खिडकीशी नेलेत आणि चुलीतल्या कोळशानं शहाबादी फरशीवर काढायला बसलात. नख, खवले, मागचं आखूड बोट. मी तिथंच गुडघ्यावर बसून बघते आहे. आई मागून ओरडते आहे, "अवो, ते पाय रस्स्याला हायेत, चित्राला न्हाईत!" तुम्ही मान वर न करता म्हणताय, "थांब गं. हे पाय थेटरवर जायचे हायेत." "जाऊ द्या की मग! कुकर बी घेऊन जावा संगं!" त्या दिवशी आपण जेवलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि रस्सा इतका आटला होता की आईनं तो चटणीसारखा भाकरीवर वाढला.

बोर्ड मात्र असा झाला की रस्त्यावरच्या रिक्षा थांबायच्या. खलनायकाला तुमचा ठरलेला रंग होता, अर्धा चेहरा लाल, अर्धा निळा. तोच तुम्ही त्याला दिलात. डोळे वटारलेले, शिरा ताणलेल्या, बुबुळात विजेचा ठिपका. वटारलेला डोळा काढण्यात अख्ख्या शहरात तुमचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण लोकांना वाटतं तुम्हाला तसले डोळे येत नव्हते. येत होते. चांगले येत होते. मग बागेत काय झालं, हेच तर मला इतकी वर्षं टोचतं आहे.

बोर्ड बघूनच नगरसेवकानं तुम्हाला बोलावलं. त्याला बागेत तसाच हवा होता, उभा, सिमेंटचा, निवडणुकीच्या आत. गवंड्यानं सळया बांधून, जाळी मारून सांगाडा केला आणि वरचं सगळं तुमच्यावर सोपवलं. खवले कसे आणायचे? तुम्ही घरातली फाटकी सोलापुरी चादर आणलीत आणि ओल्या सिमेंटवर दाबून दाबून तिची वीण उमटवलीत. आईला ते आठवड्यानं कळलं, चादर सिमेंटसकट वाळून पत्र्यासारखी परत आली तेव्हा. अजूनही त्याच्या पोटावर चादरीचं फूल उलटं दिसतं. जगात कुठल्याही संग्रहालयात पोटावर फूल असलेला मांसाहारी डायनोसॉर नसेल. हाताला तुम्ही तीन बोटं दिलीत. शाळेच्या पुस्तकात दोन होती. मी पुस्तक आणून दाखवलं. तुम्ही ते लांब धरून बघितलंत आणि म्हणालात, "दोन बोटांत तंबाखू मळता येत न्हाई." विषय संपला.

मग डोळे राहिले. डोळे शेवटी, आणि एकट्यानं, हा तुमचा नियम. वस्तीतल्या विहारात बुद्धाची मूर्ती रंगवायची असली की तुम्ही सकाळी आंघोळ करून जायचात, बाकीचा रंग आम्हा पोरांसमोर द्यायचात आणि डोळ्यांची वेळ आली की सगळ्यांना बाहेर काढायचात. बागेतही तेच केलंत. मला शिडी धरायला लावून ठेवलं होतं, ब्रश पाण्यात बुडवलात आणि म्हणालात, "जा, चक्कर मारून ये." मी चक्कर मारून आले तेव्हा तुम्ही खाली उतरून हात पुसत होतात. मी वर बघितलं आणि खो खो हसायला लागले. एवढा मोठा जबडा, एवढे सुळे, आणि वर विहारातले डोळे! पापण्या खाली आलेल्या, शांत, जसा काही हा आत्ताच कुणालातरी खाऊन त्याच्यासाठी मंगल कामना करतोय. "अण्णा, हा झोपलाय!" मी म्हटलं. तुम्ही चिडलात. तुम्ही सहसा चिडायचा नाहीत, म्हणून लक्षात आहे. "हसायचं तर खाली बसून हास. उभ्यानं काय कळणार हाय तुला?" खाली सगळा सिमेंटचा राडा होता आणि माझ्या अंगावर शाळेचा गणवेश. मी बसले नाही.

नगरसेवक आला, मागं त्याची माणसं. त्यानं वर बघितलं, तुमच्याकडं बघितलं, परत वर बघितलं. "पेंटर, हे भिववतंय का आशीर्वाद देतंय?" माणसं हसली. "लेकरं भ्याली पायजेत की ओ! पैसे कशाला घातले मग?" तुम्ही रुमालानं मान पुसत म्हणालात, "भ्यायला बाहेर काय कमी हाय, साहेब?" मग तुम्हीच नमतं घेतल्यासारखं केलंत. "उद्या उघडतो डोळे. आज रंग वाळू द्या." दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात ऊन कडक आहे, रंग फुटेल. पुढच्या आठवड्यात ब्रश खराब होता. मग शिडी दुसऱ्या कामावर गेली. मग निवडणूक झाली, नगरसेवक पडला, आणि आलेल्या नव्याला बागेत काय आहे हेच ठाऊक नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हाही डोळे उद्याच उघडायचे होते.

मी एकदा घरी तुम्हाला सरळ विचारलं होतं. बोर्डावर तो तसा आणि बागेत असा का? तुम्ही कडक भाकरी मोडत होतात. म्हणालात, "बोर्ड आठवड्यानं उतरतोय. मूर्ती ऱ्हाती. उभ्या मूर्तीला रागाचे डोळे काढत न्हाईत." मी म्हटलं, अहो, पण ती मूर्ती नाही, जनावर आहे. "गोल हाय न्हवं? चारी बाजूनं दिसतंय न्हवं? मग मूर्तीच." हे कारागिराचं शहाणपण होतं, की सवयीनं वळलेला हात आणि त्यावर नंतर चढवलेला मुलामा, ते मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही थोर होतात असं लिहून टाकलं की लेख होईल. पण मी तुम्हाला ओळखते. स्वतःची चूक तत्त्वात बसवण्यात तुमच्याइतका तरबेज माणूस मी नंतर फक्त राजकारणात पाहिला.

तुमच्या पाठोपाठ फ्लेक्स आला आणि हातानं रंगवणारे संपले. यावर प्रत्येक सभेत कुणी ना कुणी उठून म्हणतो, पेंटर लोकांचे डायनोसॉर झाले. हा विनोद मी माझ्यापुरता बंद केलाय. डायनोसॉर संपले कुठं? तुम्ही बघायला हवं होतं. हल्ली जिकडं तिकडं तेच आहेत. पोरांच्या दप्तरावर, केकवर, उशीवर, रिक्षाच्या मागं. गड्ड्याच्या जत्रेत एक हवा भरलेला असतो. संध्याकाळपर्यंत त्याची हवा जाते आणि तो पाळण्याच्या रांगेवर ओणवा होतो. लग्नात एक माणूस फुगीर डायनोसॉरचं सोंग घालून नवरदेवापुढं नाचतो आणि पंगतीत त्याच सोंगात जेवायला बसतो. आणि अण्णा, झाडून सगळ्यांचं तोंड उघडं. एकालाही तोंड मिटता येत नाही. कोटी कोटी वर्षं हे जनावर जगलं म्हणतात, त्यातला थोडा तरी वेळ ते गप्प बसलं असेल की नाही? पण गप्प बसलेला कुणी विकत घेत नाही. तोंड भलंमोठं, हात आखूड, आवाज चोवीस तास: आपल्या लोकांना हा प्राणी इतका जवळचा का वाटतो हे मला चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघून कळलं.

इंजिनिअरची मुलगी दुसरीत आहे. तिनं बापामार्फत मला निरोप पाठवला की अशा दोन पायांच्या, मांस खाणाऱ्यांना थेरोपॉड म्हणतात, त्यातल्या काहींना पिसं होती, पाठ आडवी असायची आणि शेपटी कधीच जमिनीला टेकत नव्हती. म्हणजे तुमचं सगळं चुकलं. शेपटी चुकली, पाठ चुकली, बोटं तर चुकलीच. कोंबडीचे पाय तेवढे जवळपास बरोबर निघाले, पण त्याचं श्रेय आईच्या रस्स्याला. आणि गंमत म्हणजे साहेबांना यातली एकही चूक सुधारायची नाही. शेपटी राहू द्या, पोटावरचं फूल राहू द्या, फक्त तो रागावलेला हवा.

काल मी बागेत गेले. इंजिनिअर टेप घेऊन आला होता. नव्याचा चबुतरा कुठं घ्यायचा ते मोजत होता आणि मधूनमधून मला विचारत होता, "मग मॅडम, कवा उघडताय?" मी त्याला उत्तर द्यायला वळले आणि खड्ड्यात पाय पडून चपलेचा अंगठा तुटला. चबुतऱ्याच्या पायरीवर, त्या कोंबडीच्या पायाशी, टेकून बसले. अंगठा परत छिद्रात घालता घालता सहज वर बघितलं.

अण्णा, तो माझ्याकडं बघत होता.

पापण्या तशाच होत्या, अर्ध्या खाली. पण त्यांच्या खालून बुबुळं दिसत होती, काळी, वरचा रंग उडून गेला तरी टिकलेली, आणि थेट माझ्यावर. मी डावीकडं सरकले, तरी माझ्यावर. उठून उभी राहिले तर मिटले. परत बसले तर उघडे. विहारात आम्ही नेहमी खाली बसूनच वर बघायचो. ते डोळे खाली बसलेल्या माणसासाठी काढलेले असतात, एवढं मला माहीत होतं. हे तसेच आहेत, हे माहीत नव्हतं. शिडीवर चढून तुम्ही ज्या उंचीसाठी डोळे काढलेत ती लहान पोरांची उंची होती. मी तेव्हाच तुमच्या खांद्याला लागत होते. मोठ्यांना तो झोपलेला दिसतो. पोरांना तो बघत असतो, आणि भिववत नाही. की हातानं आपसूक केलं आणि तुम्हालाही ते खाली उतरून बसल्यावरच कळलं? विचारायला आता कुणी नाही, आणि तुम्ही असतात तरी खरं सांगितलं नसतंत.

मी इंजिनिअरला म्हटलं, "इकडं या, बसा जरा." "हितं? पँट खराब हुईल की." "बसा हो." तो रुमाल पसरून उकिडवा बसला, वर बघितलं, आणि त्याचा टेप हातातून सुटून सर्रकन गुंडाळला गेला. "आयला. बघतंय की ओ!" मग उभा राहिला, बसला, उभा राहिला, बैठका काढल्यासारखं केलं. मला वाटलं, झालं काम. मी म्हटलं, "आता हेच तुमच्या साहेबांना दाखवा." त्याचा चेहरा पडला. रुमाल झटकत म्हणाला, "दाखवलं असतं मॅडम. पण आमचे साहेब खाली बसत न्हाईत. गाडीतनंच बघत्यात."

माझा सगळा लेख त्या माणसानं दोन वाक्यांत लिहून टाकला आणि त्याचं मानधनही घेतलं नाही.

साहेब सोमवारी बघायला येणार आहेत. गाडीतून. डोळे लाल आणि उघडे दिसले तर जेसीबी परत जाईल. संध्याकाळी येताना मी दुकानातून लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. तुमचा डोळ्यांचा बारीक ब्रश माझ्याकडंच आहे. त्यानं मी कीबोर्डमधली धूळ काढते. तो साबणानं धुतला. आज सकाळी डबा आणि ब्रश ओट्यावर ठेवून त्यांच्याकडं बघत राहिले, आणि घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या. लाल ठिपका काढला तर तो वाचेल. आणि उद्यापासून पायरीवर बसलेल्या पोराकडं कोण बघेल?

दुपारी इंजिनिअरचा फोन आला. "मॅडम, शिडी पाठवू का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आज नको. ऊन कडक आहे, रंग फुटेल." मग म्हणाला, "बरुबर हाय. रंगाचं तुमालाच कळतंय. साहेबांना सांगतो, काम चालू हाय. शिडी बी दुसऱ्या साइटवर गेल्याली हाय म्हणून सांगतो." अण्णा, शिडीचं मी त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं स्वतःच्या मनानं घातली. हे किती दिवस चालेल माहीत नाही. साहेबांची बदली आधी होते की जेसीबी आधी येतो, यावर सगळं आहे. तुमच्या वेळी निवडणूक कामी आली होती.

हे पत्र घालायचं कुठं, तुमच्या पत्त्यावर आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. तिथं एका कव्हरवर डायनोसॉरही आहे, तोंड उघडं. म्हणून हे इथंच ठेवते. एक तेवढं सांगायचं राहिलं. डबा घरात राहिला तर माझ्या हाताचा भरवसा नव्हता, म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या तो सगळा माझ्या घराच्या फाटकाला देऊन संपवला. फाटक भयानक दिसतं आहे. शेजारीण विचारून गेली, कसला नवस हाय का काय. ओघळ आलेत, कडी चिकटली आहे. तुम्ही असतात तर बाहेरूनच परत गेला असतात. इंजिनिअरनं विचारलं तर सांगणार आहे, रंग संपला, आणावा लागेल. उद्या.